पार्सलची खिडकी आणि अर्धा पगार

बार्शीरोड

नमस्कार मंडळी. आठ दिवस झाले एक गोष्ट डोक्यातनं जाईना, म्हणून धागा काढतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी लातूरचा. म्हणजे गाव औसा तालुक्यात, पण पोटापाण्याला लातूर. २०१९ ते २०२२ एका हॉटेलात होतो. आधी टेबलावर, नंतर पार्सलला. लातूरची हॉटेलं अन् मेस क्लासेसच्या पोरांवर चालतात. अख्ख्या मराठवाड्यातनं पोरं अकरावी-बारावीला, नीटला येतात, रविवारी आईबाप भेटायला येतात अन् सगळे मिळून बाहेर जेवतात. मार्च २०२० मध्ये क्लासेस बंद झाले, पोरं गाद्या-पेट्या घेऊन गावाकडं गेली. २५ मार्चला देशभर लॉकडाऊन लागला, तोवर आमचा निम्मा धंदा आधीच उठला होता.

हॉटेलात आम्ही बावीस जण होतो. जूनमध्ये पार्सल सुरू झालं तेव्हा सहा उरलो. मालकांनी फोन केला, "निम्म्यावर येतोस का? बसून खाणं सुरू झालं की बघू." मला ९ हजार होते, ४,५०० वर गेलो. जेवण तिथंच. घरी बहिणीचं लग्न नुकतंच झालेलं, देणं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. ५ ऑक्टोबरला निम्म्या खुर्च्यांवर बसवायची परवानगी आली, पगार पूर्ण झाला. एप्रिल २०२१ ला परत बसून खाणं बंद अन् परत निम्मा. सगळे मिळून सहा महिने, म्हणजे २७ हजार. "बघू" म्हणाले होते त्यावर पुन्हा कधी बोलणं निघालंच नाही. मीही काढलं नाही.

आता मालक दुसरं हॉटेल टाकतायत. शुक्रवारी पूजा. स्वतः फोन करून बोलावलंय, "तू आल्याशिवाय नारळ फोडणार नाही" म्हणाले. आई म्हणते जा. धाकटा भाऊ म्हणतो पाय ठेवू नको. मालक वाईट माणूस नाही, हे आधीच सांगतो. मला ताप आला तेव्हा चौदा दिवस वरच्या खोलीत ठेवून दोन वेळचं ताट दारात आणून ठेवणारा तोच.

जावं का? अन् गेलो तर पैशाचं बोलावं का? इथं अजून कुणी त्या दिवसांत पार्सलला, खानावळीत, डब्याच्या कामाला होतं का? तेही सांगा.

---

निलंगा_राईस

जा रे भावा. नारळ अडवून धरू नको कुणाचा.

---

गोदाकाठ

बार्शीरोड भाऊ, मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. नांदेडात चौदा टेबलांचं हॉटेल आहे माझं. मीही निम्मा पगार दिला. लपवत नाही.

हिशोब मांडतो, मग बोला. जागेचं भाडं ४० हजार. जागामालकानं दोन महिने सोडलं, तिसऱ्यापासून पूर्ण. कुलूप असलं तरी वीजबिलातला स्थिर आकार चालू. बँकेचे हप्ते मार्च ते ऑगस्ट २०२० पुढं ढकलता आले, पण व्याज थांबलं नव्हतं, ते मुद्दलात जाऊन बसलं. लॉकडाऊन लागला त्या रात्री फ्रीजरमध्ये चिकन, पनीर, तीन दिवसांची भाजी. सगळं वाटून टाकलं. पार्सल सुरू केल्यावर २०० रुपयांच्या ऑर्डरला डबा, पिशवी, चमचा, टिश्यू मिळून १५ रुपये जायचे. ॲपवरून ऑर्डर आली तर २२ टक्के त्यांचे. अन् गॅस. भट्टीला एक ऑर्डर काय अन् दहा काय, तापवावी तेवढीच लागते. १९ किलोची टाकी आधी तीन दिवस जायची, धंदा पाचव्या हिश्श्यावर आला तरी पाच-सहा दिवसांत संपायची. दुपारी चार पार्सलं गेली की आम्ही एकमेकांकडं बघून हसायचो.

बायकोच्या पाटल्या तेव्हा गेल्या त्या २०२३ ला सोडवल्या.

एवढं असूनही सांगतो, "बघू" म्हणालो होतो तर बघायला पाहिजे होतं. मी दोन दिवाळ्यांत बहुतेकांचं दिलं. दोघांचं राहिलंय. ते गावी गेले ते परत आले नाहीत, अन् मीही शोधलं नाही.

---

बालाघाट

गोदाकाठ काका, तुम्ही खरं बोललात म्हणून खरंच बोलतो. तुमचं नुकसान झालं हे मान्य. पण त्या नुकसानीत वेटरला भागीदार करायचं असेल तर नफ्यातही करा. २०१९ ला टेबलं भरलेली असायची तेव्हा कुणी ९ हजाराचे १२ केले होते का?

मी ऊसतोड्याच्या घरातला. आमच्यात मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर असली की फिटेपर्यंत वहीतनं नाव हलत नाही. पुढच्या हंगामाला जोडीनं जाऊन फेडावी लागते. मजुराकडं राहिले तर ती बाकी, अन् मजुराचे राहिले तर "बघू". एप्रिल २०२० मध्ये माझे आईवडील कारखान्याच्या फडात अडकून पडले होते. खोपीत, ज्वारीचं पीठ संपत आलेलं. तिथल्या एका खानावळवाल्यानं महिनाभर रोज चाळीस भाकरी पाठवल्या. त्याचा धंदा काय तेव्हा जोरात होता का?

बार्शीरोड, जा. पण पैशाचं बोल.

---

काळामसाला

पैशाचं तुम्ही बघा, मला एक सांगा. पार्सलमधला रस्सा घरी जाईपर्यंत सांडतो कसा काय? आमच्याकडं गाडीच्या डिक्कीला अजून त्या वर्षीच्या शेरव्याचा वास आहे.

---

बार्शीरोड

@काळामसाला, रस्सा सांडतो कारण पिशवी गळ्यापर्यंत भरतात. आमचे वस्ताद, म्हणजे आचारी, शिकवायचे: चंदेरी फॉइलची पिशवी चारातले तीन हिस्से, त्यातही दोन बोटं कमी भरायची. मग वरची हवा तळहातानं दाबून काढायची, कारण गरम रश्श्याची वाफ आत फुगते अन् रबर ढकलते. मान पिळायची, पिळलेला भाग खाली दुमडायचा, त्यावर रबराचे चार वेढे. नुसते वेढे दिले अन् दुमडलं नाही तर पाचव्या मिनिटाला थेंब सुटतो. अन् पिशवी डब्यात उभी ठेवायची, आडवी नाही.

हे सगळं हातमोजे घालून. मोज्याला तेल लागलं की रबर बोटावरनं निसटतं अन् सट्‌कन डोळ्यावर येतं. पहिल्या आठवड्यात माझ्या ६० पिशव्यांतल्या दहा तरी परत भराव्या लागायच्या. मग मी मोजे काढून हात दर वेळी सॅनिटायझरनं धुवायला लागलो. महिन्यात बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, मिठाला हात लागला की डोळ्यात पाणी. वस्ताद रात्री भट्टी विझल्यावर कोमट तूप लावायला द्यायचे.

@गोदाकाठ काका, तुमचा हिशोब वाचला. आमच्या मालकांनी हा असा कधी आम्हाला मांडून दाखवला असता तर सल एवढा राहिला नसता असं वाटतं.

---

गुलमंडी

औरंगाबादकर. आता छत्रपती संभाजीनगर म्हणायचं, पण तेव्हाचं बोलतोय.

आमचं घरचं काम नान-खलियाचं, म्हणजे जाड नान अन् मटणाचा रस्सा. २०२० चा रमजान २५ एप्रिलला सुरू झाला अन् पूर्ण महिना लॉकडाऊनमध्ये गेला. दर वर्षी रमजानात संध्याकाळी आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी वडील रोज असरच्या नमाजनंतर ओट्यावर येऊन बसायचे अन् रस्त्याकडं बघायचे. कुत्रं सुद्धा नाही. ईदच्या दिवशी, २५ मेला, त्यांनी घरातलंच मटण घेऊन छोटी देग लावली अन् गल्लीतल्या चौदा घरी डबे दिले. पैसे नाही घेतले. म्हणाले, हात विसरायला नको.

पार्सल सुरू झालं, तर परत ते ९ दिवस आले. १० ते १८ जुलै २०२०, शहर कडकडीत बंद, किराणा-भाजी सुद्धा नाही. आदल्या दिवशी आम्ही मटण भरून ठेवलेलं.

नानाचं सांगतो. जाड नान तंदूरमधनं काढून लगेच फॉइलमध्ये गुंडाळला की संपला. वाफ आतच पाण्यात उतरते, नान ओला होतो, अन् गार झाला की वातड. आम्ही शेवटी कापडावर पाच मिनिटं उघडा टाकायचो अन् मग कागदात बांधायचो. फॉइल नाहीच. गिऱ्हाईक ओरडायचं, "गार देतो का?" वडील म्हणायचे, घरी तव्यावर टाक बेटा, मग मला सांग.

---

सुशीला_खाणार

गुलमंडीभाई, चौदा घरांत आमचं घर असतं तर…

लॉकडाऊनमधला आमच्या कॉलनीतला किस्सा. शेजारच्या काकांनी हॉटेलची एक रिकामी पिशवी जपून ठेवली होती. रोज संध्याकाळी ती हातात घेऊन "पार्सल आणायला चाललोय" म्हणत चौकापर्यंत फिरून यायचे. पंधराव्या दिवशी हवालदारानं पिशवी उघडायला लावली. आत काकूंनी घातलेली वांगी, "येता येता दळण टाका" अशी चिठ्ठी अन् गव्हाचा पुडा. हवालदार चिठ्ठी वाचून म्हणाला, काका, गिरणी दुसऱ्या बाजूला आहे.

---

जालनेकर

मी हा धागा दोनदा उघडून बंद केला. आज लिहितो.

२०२० ला मी जालन्यात औद्योगिक वसाहतीजवळ एका छोट्या हॉटेलात होतो. जालन्यात लोखंडी सळईचे कारखाने आहेत, तिथं परराज्यातली माणसं कामाला. आमच्याकडं त्यांचं महिन्याचं खातं असायचं. कारखाने थांबले, खाती थांबली. मालकानं मागचं शटर अर्धं उघडून रोट्या अन् डाळ द्यायला सुरुवात केली. कुणी पैसे द्यायचं, कुणी नाही. मी लाटायला.

मेच्या पहिल्या आठवड्यात एक गोष्ट बदलली. माणसं यायची अन् म्हणायची, "सिर्फ रोटी दो भैया, सब्जी नहीं." मला आधी वाटलं पैसे कमी असतील. म्हटलं भाजी अशीच घे. तर एक पोरगं म्हणालं, भाजी उन्हात दुसऱ्या दिवशी आंबते, रोटी तीन दिवस टिकते. तेव्हा कळलं ही माणसं चालत निघालीत. मग मी रोट्या जरा कडक भाजायला लागलो, वरून तेलाचा हात, लसणाची कोरडी चटणी कागदात.

८ मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर गेले. जालन्याहून रुळानं चालत निघालेले. तिकडं गाडी मिळेल म्हणून भुसावळला जायचं होतं, थकून रुळावरच झोपले. रुळावर पडलेल्या रोट्यांचा फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. त्या माझ्या हातच्या होत्या असं मी म्हणत नाही. जालन्यात त्या दिवसांत पन्नास ठिकाणी रोट्या होत होत्या. पण तो फोटो मी पाहिला तेव्हा पहिल्यांदा रोटीची कड बघितली, कशी भाजलीय ते.

त्या दिवशी मालकानं पीठ मळू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा पाच किलो जास्त मळलं.

बार्शीरोड, तुझ्या प्रश्नाचं मला नक्की सांगता येत नाही. माझा त्या तीन महिन्यांचा पगार झालाच नाही अन् मी मागितला नाही, मागावासा वाटला नाही. पण तुझं वेगळं आहे, तुमच्याकडं गल्ल्यात पैसे येत होते.

---

निलंगा_राईस

जालनेकर दादा, काय बोलू. पहिला प्रतिसाद मी फारच उडवून लावला होता, तो मागं घेतो.

---

डबेवाली_ताई

जालनेकर भाऊ, वाचून थांबले थोडा वेळ.

आमच्या बचत गटाचं शिवभोजन केंद्र होतं. २६ जानेवारी २०२० ला योजना सुरू झाली तेव्हा थाळी १० रुपयांना. लॉकडाऊन लागल्यावर ५ रुपये केली, अन् दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ ला, मोफत. दोन चपात्या ३० ग्रॅमच्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. बसून जेवण बंद, सगळं बांधून द्यायचं.

लोकांना वाटतं ५ रुपयांचं जेवण म्हणजे भिकाऱ्यांची रांग. आमच्या रांगेत कोण असायचं सांगू? रिक्षावाले, केश कापणारे, मंगल कार्यालयात वाढपी असलेली पोरं, एक बँडवाला. त्याचा बँडचा लाल कोट घालूनच यायचा, दुसरा धड सदरा नव्हता. चुन्याचे गोल आखलेले, त्यात उभे. ॲपमध्ये प्रत्येकाचा फोटो काढायचा असायचा, तेवढ्यापुरता मास्क खाली. कितीतरी जण फोटोच्या वेळी मान खाली घालायचे. मी म्हणायचे, "दादा, वर बघा, आमच्या हातची भाजी चांगली झालीय." मग बघायचे.

भात १५० ग्रॅम म्हणजे किती, तर मुठीएवढा. आमच्या सातजणींत ठरलं होतं की वजनकाटा आहे, पण भात वाढताना काट्याकडं बघायचं नाही.

बार्शीरोड भाऊ, तुम्ही जा. मालकांनी तापात ताट दिलं हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत, म्हणजे ते तुमच्या मनात मोठं आहे. अन् पैशाचंही बोला. एकानं दुसरं फिटत नाही.

---

काळा_कोट_परभणी

कायद्याची बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. दोन गोष्टींची गल्लत होतेय.

एक, बंद काळातला पगार. २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयाचा आदेश होता की आस्थापना बंद असली तरी पगार न कापता द्या. तो १८ मेपासून मागं घेतला गेला. मधल्या काळाबद्दल १२ जूनला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मालक-कामगारांनी बोलून तोडगा काढावा, मालकांवर सक्तीची कारवाई नको.

दुसरी, बार्शीरोड यांची. त्यांचा पगार बंद काळातला नाही. ते रोज कामावर होते. पूर्ण काम, अर्धा पगार. तिथं तेव्हाचा १९४८ चा किमान वेतन कायदा लागू होता अन् हॉटेल व्यवसाय त्या कायद्याच्या यादीत होता. किमान वेतनापेक्षा कमी देण्याला कामगारानं स्वतः होकार दिला असला तरी तो होकार धरला जात नाही. तेव्हा दाद सहा महिन्यांत मागायची होती, सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकत होता. आता इतक्या वर्षांनी मी कज्जा करा म्हणणार नाही. पण पूजेला जाताना "मी उपकार मागतोय" असं मनात घेऊन जाऊ नका.

---

गोदाकाठ

वकीलताई, हे वाचून मालक म्हणून घाम फुटला. पण बरोबर आहे.

बालाघाट, तुझा "नफ्यातही भागीदार करा" हा शब्द मी दोन दिवस गिळतोय. पटला असं लगेच म्हणत नाही. धंद्यात जोखीम मालकाची असते म्हणूनच नफा मालकाचा, असं आम्ही शिकलो. अन् मग त्या वर्षी जोखीम मी वाटली, हेही खरंच.

---

बालाघाट

काका, एवढं लिहिलंत त्यातच आलं. नांदेडला आलो की तुमच्याकडं जेवीन. बसून.

---

अंबाजोगाईची_लेक

मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते.

एप्रिल २०२१. वडील अंबाजोगाईच्या स्वाराती रुग्णालयात. मी पुण्याहून आलेली, घरात दुसरं कुणी नाही, भाऊ स्वतः पॉझिटिव्ह. रुग्णालयाबाहेर झाडाखाली सतरंजी टाकून नातेवाईक बसलेले असायचे, त्यात मी अकरा दिवस. बाहेर सगळं बंद. एक मावशी खानावळीतनं डबे द्यायच्या, एक पोरगा सायकलवर घेऊन यायचा.

पहिल्या दिवशी फोनवर सांगितलं, एक माझा डबा अन् एक वडिलांना आत पाठवायचा, त्यांना बीपी आहे. दुसऱ्या दिवसापासून दोन डबे यायचे. एकाच्या झाकणावर काळ्या मार्करनं "मीठ कमी – बाबा" अन् दुसऱ्यावर "लेक". माझं नाव त्यांना माहीत होतं, फोनवर दोनदा सांगितलं होतं. तरी "लेक".

सातव्या दिवशी वडिलांना ऑक्सिजन जास्त लागायला लागला, जेवण आत घेईनात. मी फोन करून म्हटलं, उद्यापासून एकच डबा पाठवा. मावशी गप्प राहिल्या. दुसऱ्या दिवशी दोनच आले. बाबांच्या डब्यात मऊ भात अन् मुगाचं पाणी. मी ते परत फोन करून विचारलं नाही. तो डबा रोज शेजारच्या सतरंजीवरच्या एका आजोबांना दिला.

वडील गेले. बाराव्या दिवशी पैसे द्यायला गेले तर मावशींनी एकाच डब्याचे घेतले. मी पहिल्यांदा त्यांचा चेहरा पाहिला तो दाराच्या आतून, तोही मास्कमध्ये.

ती झाकणं माझ्याकडं आहेत. घासली, पण मार्कर पूर्ण गेला नाही.

बार्शीरोड दादा, तुम्ही ज्या खिडकीत उभे होता त्याच्या या बाजूला आम्ही होतो, एवढंच सांगायचं होतं.

---

सुशीला_खाणार

ताई.

---

दोन_चाकी

मी ॲपची पिशवी पाठीवर घेऊन फिरायचो. एप्रिल २०२१ ला घरपोच देणाऱ्यांना लस नाहीतर कोरोना निगेटिव्हचा दाखला सक्तीचा केला, तो पंधरा दिवसच चालायचा. म्हणजे दर पंधरवड्याला रांगेत. पंचेचाळीसच्या खाली तेव्हा लस मिळत नव्हती, मी २४ चा. नाकात काडी घालून घालून नाक सुजलं होतं.

पण ताईंनी लिहिलंय तसं, रुग्णालयाच्या गेटवर डबा दिला की लोक हात जोडायचे. मला फार अवघड व्हायचं. म्हणजे मी काय, रस्त्यानं गाडी चालवून आलो. त्यांना वाटायचं देवच आला. २२ मार्च २०२० ला ताटं वाजवली ती डॉक्टर-नर्ससाठी, अन् तीच बरोबर होती. पण ते गेटवरचे हात मला पुरले.

---

बार्शीरोड

सगळ्यांचं वाचलं. ताईंचं दोनदा. दुसऱ्या लाटेत मीही लातूरला गाडीवरनं रुग्णालयाच्या गेटवर डबे नेत होतो, त्यामुळं ती सतरंजी डोळ्यांसमोर आली.

खिडकीचं मी सांगितलंच नव्हतं. दाराला आडवं टेबल, वरून जाड पारदर्शक प्लास्टिक सोडलेलं, खाली वीतभर फट. वाफेनं प्लास्टिक धुरकट व्हायचं, त्यामुळं तोंडं दिसायची नाहीत. फटीतनं फक्त हात यायचे. मी गिऱ्हाईकं हातावरनं ओळखायला लागलो. एक हात नेहमी नोट चौथाई घडी करून द्यायचा, एका हाताला हिरव्या बांगड्या, एक म्हातारा हात, मनगटावर सुईची चिकटपट्टी. तो रोज साडेबाराला एक वरण-भात घ्यायचा. अकरा रुपये जास्त ठेवायचा, "पोरं हाव तुमी, चहा घ्या." ऑगस्टच्या मध्यात तो हात यायचा थांबला. वस्तादांनी चार दिवस साडेबाराला वरण-भात बांधून ठेवला. पाचव्या दिवशी मी विचारलं, बांधू का? म्हणाले, नको.

ते वस्ताद उत्तराखंडचे. बावीसमधले सोळा गेले त्यात ते गेले नव्हते. तंदूर माझ्याशिवाय कुणाला पेटवता येणार नाही म्हणायचे. त्यांचाही निम्माच पगार. १८ हजाराचे ९. ते २०२२ ला गावी गेले.

काल रात्री त्यांना फोन लावला. म्हटलं, मालक नवीन हॉटेल टाकतायत, तुम्हाला बोलावलं का? म्हणाले, बोलावलं, पण एवढ्या लांबून कसा येऊ. मग मी पैशाचं विचारलं. बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "तू जाएगा तो मेरा भी बोल देना. झगड़ा मत करना."

म्हणून आता माझं एकट्याचं राहिलं नाही. आज सकाळी मालकांना फोन केला. म्हटलं, शुक्रवारी येतो, पण त्याआधी एक बोलायचंय. सहा महिन्यांचं राहिलंय. माझं अन् वस्तादांचं. पलीकडनं काही आवाज नाही. मला वाटलं ठेवला. मग म्हणाले, "तुझ्याकडं लिहिलेलं हाय का काई?" म्हटलं, आहे. खरंच आहे. पार्सलची वही, रोजचे नग अन् कोण कामावर होतं ते, माझ्याच अक्षरात, शेवटच्या पानांवर आमच्या सहा जणांच्या सह्या. हॉटेल सोडताना रद्दीत जात होती, मी मागून घेतली होती.

ते म्हणाले, "बरं. घेऊन ये. पूजा नऊला हाय, तू साडेसातला ये."

---

गोदाकाठ

ये म्हणाले, "साडेसातला" म्हणाले, म्हणजे माणसं यायच्या आधी बसून बघणार. मालकाची जात ओळखतो मी, हे चांगलं लक्षण आहे.

माझ्या त्या दोघांपैकी एकाचा फोन लागला. पाठवले. तो आधी ओळखतच नव्हता. दुसऱ्याचा नंबर बंद आहे. हिंगोलीकडचा, सेनगाव बाजूचा होता. गावाचं नाव आठवायचा प्रयत्न करतोय.

---

काळा_कोट_परभणी

वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढून घ्या आधी. मूळ वही हातातनं सोडू नका.

---

बार्शीरोड

काढतोय ताई. १२४ पानं आहेत. तेलाचे डाग पडलेत, काही ठिकाणी आकडा उमटत नाही, ते भावाला धरायला सांगून उजेडात परत काढतोय. पाय ठेवू नको म्हणणारा तोच. आता शुक्रवारी मीही येतो म्हणतोय.